घरचा सोडा, पण त्यात अल्कोहोल नको: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात आल्याच्या सिरपमध्ये चिमूटभर यीस्ट घालून, बाटलीत बंद करून घरच्या घरी फसफसता सोडा कसा करायचा ते लिहिलं होतं, आणि खाली एक ओळ ठोकून दिली होती की "यात अल्कोहोल नाही, मुलांनाही चालेल". त्या एका ओळीवरून इतके प्रश्न आलेत की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न: ताई, यीस्ट साखर खाऊन अल्कोहोलच बनवतं ना? मग तुमचा सोडा बिनअल्कोहोलचा कसा काय? आमच्याकडे कोणीच घेत नाही, म्हणून विचारतेय.

पकडलंत मला. ती ओळ चुकीची होती आणि ती मी न तपासता लिहिली, कारण सगळीकडे तसंच वाचलं होतं. आता नीट हिशोब मांडते.

यीस्टला बंद बाटलीत हवा मिळत नाही, साखर मिळते. त्या साखरेचं ते दोन गोष्टींत रूपांतर करतं, कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल, आणि गंमत म्हणजे वजनाला दोन्ही जवळपास सारखेच निघतात. म्हणजे बाटलीत जितके ग्रॅम गॅस, तितकेच ग्रॅम अल्कोहोल. हे कोणाच्या हातात नाही, यीस्ट ब्रेडचं असो नाहीतर शॅम्पेनचं.

आता विकतच्या कोल्ड्रिंकसारखा कडक सोडा हवा असेल तर लिटरला साधारण ८ ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे यीस्टने १६ ग्रॅमच्या आसपास साखर खाल्ली आणि ८ ग्रॅम अल्कोहोल केलं. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ८ ग्रॅम म्हणजे १० मिली, लिटरमध्ये १० मिली म्हणजे एक टक्का. बिअर चार-पाच टक्के असते. त्यामुळे नशा वगैरे काही होणार नाही, पण "नाही" म्हणणं खोटंच झालं. बऱ्याच देशांत अर्ध्या टक्क्याच्या खाली असलं तरच पेयाला नॉन-अल्कोहोलिक म्हणता येतं, आणि यीस्टचा सोडा त्या रेषेखाली ठेवायचा तर तो अर्धवट फसफसलेलाच प्यावा लागेल.

मग उपाय काय, तर गॅस बाहेरून घाला. यीस्ट नको, आंबवणं नको. ज्यांच्या घरात लहान मुलं, गरोदर बाई, दारू सोडलेलं माणूस, अल्कोहोलबरोबर न चालणारी गोळी घेणारं माणूस किंवा न पिण्याचा नियम पाळणारं कोणी आहे त्यांनी सरळ हाच रस्ता धरावा. यीस्टचा सोडा चवीला मस्त लागतो, मी स्वतः करते, पण पाहुण्याला न सांगता देत नाही.

प्रश्न: मग जिंजर बग? त्यात यीस्ट घालतच नाही, नुसतं आलं, साखर आणि पाणी. ते तर नॅचरल आहे.

नॅचरल आहे, पण यीस्ट आहेच. आल्याच्या सालीवरच ते असतं, म्हणून तर साल न काढता किसा असं सांगतात. जोडीला लॅक्टिक बॅक्टेरियाही येतात, त्यामुळे थोडी आंबटसर चव येते. पण फेस आला म्हणजे अल्कोहोलही आलं, हिशोब वरचाच. वॉटर केफिर, म्हणजे साखरपाण्यात केफिरचे दाणे टाकून आंबवलेलं पेय, त्याचंही तेच. उलट पाकिटातल्या यीस्टपेक्षा हे जंगली यीस्ट कधी किती जोर करेल याचा भरवसा कमी.

प्रश्न: यीस्ट घालून भरलेली काचेची बाटली रात्री फुटली. आवाजाने सगळे उठले. काय चुकलं?

आधी सांगा, कोणाला लागलं नाही ना? माझीही फुटलीय. ओट्याखालच्या कपाटात तीन बाटल्या ठेवून मी विसरले, चौथ्या दिवशी रात्री एक गेली. सकाळी कपाट उघडलं तर काचेचा एक तुकडा दाराच्या लाकडात रुतून बसलेला, नखाएवढा, चिमट्याने ओढून काढावा लागला. सगळीकडे चिकट पाक. बाकीच्या दोन बाटल्यांना हात लावायची हिंमत होईना, शेवटी जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, डोळ्यांना गॉगल लावून फ्रिजमध्ये सरकवल्या आणि दुसऱ्या दिवशी गार झाल्यावर बेसिनमध्ये उघडल्या. त्या दिवसापासून यीस्टच्या सोड्याला काच बंद.

कारण असं की गोड पेयात लिटरला १०० ग्रॅम साखर असते आणि हव्या त्या फेसासाठी त्यातली १६ ग्रॅमच लागते. उरलेल्या ८४ ग्रॅमचं काय? यीस्टला कोणी सांगत नाही की बास झालं आता. ते खातच राहतं. सगळीच साखर खाल्ली तर लिटरला ५० ग्रॅम गॅस तयार होईल, म्हणजे कडक सोड्याच्या सहापट, आणि तो धरून ठेवणारी बाटली तुमच्या-माझ्या घरात नाही.

त्यामुळे विकतच्या कोल्ड्रिंकची रिकामी प्लास्टिकची बाटली वापरा. ती प्रेशरसाठीच बनवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली नाही हां, ती वेगळी. कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तळ बघा, पाच पायांसारखे उंचवटे असतात, प्रेशरने तळ फुगून बाहेर येऊ नये म्हणून. भरताना वर दोन बोटं जागा सोडा आणि शेजारी तशाच बाटलीत नुसतं पाणी भरून ठेवा. रोज दोन्ही दाबून बघा. पाण्याची दबेल, सोड्याची हळूहळू कडक होत जाईल, आणि दगडासारखी लागली की लगेच फ्रिजमध्ये. उबदार दिवस असेल तर हे एका दिवसातही होतं, गार असेल तर तीन-चार दिवस. काचेत ही सोय नाही, काच फुटेपर्यंत तशीच दिसते.

प्रश्न: फ्रिजमध्ये ठेवलं की यीस्ट मरतं ना?

नाही. सुस्तावतं. आठवडाभरात संपवा आणि मधेच झाकण किंचित सैल करून बघत जा. बाटली बाहेर राहिली की स्वारी पुन्हा कामाला लागते. यीस्ट मारायला उष्णता लागते, पण भरलेली बंद बाटली गरम पाण्यात उकळवायच्या भानगडीत कोणीही पडू नका, प्रेशर आणि उष्णता एकत्र म्हणजे वरच्या प्रश्नातला आवाज भरदिवसा.

प्रश्न: ठीक आहे, यीस्ट नको. पण मग घरी गॅस कसा भरायचा? मशीन घ्यावंच लागतं का?

तीन रस्ते आहेत. पण त्याआधी एक गोष्ट, जी कळली की निम्मे प्रश्न मिटतात. गॅस थंड पाण्यात विरघळतो, कोमट पाण्यात पळून जातो. शून्य अंशाजवळचं एक लिटर पाणी नुसत्या हवेच्या दाबालाही तीन ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड धरतं, २० अंशाला त्याच्या निम्माच. म्हणून मशीन कितीही भारी असू दे, नळाचं पाणी तसंच लावलं तर सोडा मिळमिळीतच होणार. पाणी रात्रभर फ्रिजमध्ये, अगदी दात झिणझिणतील इतकं गार. मशीन खराब आहे म्हणून लिहिणाऱ्या चार जणांना मी एवढंच कळवलं आणि तिघांचं मशीन दुरुस्त झालं!

पहिला रस्ता सायफन. जाड धातूची बाटली, तिला छोटी काडतुसं लागतात, एकात ८ ग्रॅम गॅस. एक लिटरला एक. खूण आहे तिथपर्यंतच पाणी भरायचं, काडतूस फिरवून सोडायचं, मग बाटली चांगली हलवायची आणि तासभर तरी फ्रिजमध्ये ठेवायची. हलवणं महत्त्वाचं, कारण गॅस पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातूनच, हलवलं की पृष्ठभाग वाढतो. कधीमधी सोडा लागणाऱ्याला हे पुरे, पण प्रत्येक लिटरला एक रिकामं काडतूस उरतं ते मला खटकतं.

दुसरा टेबलावरचं मशीन. त्याच्या सिलिंडरमध्ये ४०० ग्रॅमच्या आसपास गॅस असतो, तो संपला की बदलून आणायचा. सोपं, पटकन. लांब तीन सेकंद दाबण्यापेक्षा छोटे छोटे झटके द्या, मधे दम खाऊ द्या.

तिसरा माझा आवडता, जरा खटपटीचा. मोठा सिलिंडर, त्यावर रेग्युलेटर, नळी, आणि नळीच्या टोकाला कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीवर बसणारं कार्बोनेशन कॅप. बाटली पाऊण भरायची, मग दाबून आतली हवा पूर्ण बाहेर काढायची, पाणी अगदी तोंडाशी येईल इतकी, आणि चेपलेल्या अवस्थेतच कॅप लावायचं. हवा का काढायची, तर आत हवा राहिली की दाबातला तेवढा वाटा ती खाते आणि गॅसच्या वाट्याला कमी येतो. मग रेग्युलेटर ३० ते ४० पीएसआयवर (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप) ठेवून गॅस सोडा, चेपलेली बाटली फट्कन् फुगते. आता नळी लावूनच मिनिटभर हलवा, आत गॅस शिरतानाचा बारीक सूं आवाज येतो, तो मंदावत मंदावत थांबला की पाण्याने पोटभर घेतला. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मगच उघडा, लगेच उघडलं तर अंघोळ.

सिलिंडरबद्दल मात्र थट्टा नाही. २० अंशाला भरलेल्या सिलिंडरच्या आत ८०० पीएसआयच्या वर दाब असतो (गाडीच्या टायरमध्ये ३२-३५ असतो, म्हणजे विचार करा), त्यामुळे रेग्युलेटरशिवाय बाटलीला जोडायचा नाही, कधीच नाही. उभा ठेवायचा, पडणार नाही असा बांधून. आणि बंद खोलीत नाही, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो आणि गुदमरवतो. गॅस खाण्याच्या दर्जाचाच आहे ना तेही भरून घेताना विचारा.

प्रश्न: एवढा खटाटोप कशाला? मी ग्लासात खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड टाकतो, फस्स होतं, पितो.

प्या की, कधीतरी अर्धा चमचा ठीक आहे. पण त्याने खराखुरा कडक सोडा होईल ही आशा सोडा. उघड्या ग्लासात गॅस बहुतेक उडूनच जातो. एक थेंबही वाया गेला नाही असं धरलं तरी लिटरला ८ ग्रॅम गॅससाठी १५ ग्रॅम खायचा सोडा लागेल, आणि त्यात ४ ग्रॅमच्या वर सोडियम असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून २ ग्रॅमच्या आत सोडियम ठेवा म्हणते. शिवाय ती खारट-साबणी चव लिंबाने झाकली जात नाही. ब्लडप्रेशरवाल्यांनी तर नकोच.

काही लोक हेच मिश्रण वेगळ्या बाटलीत करून नळीने फक्त गॅस दुसऱ्या बाटलीत नेतात. ते चालतं, चव बिघडत नाही, फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर मीटर असलेला तयार संच असेल तरच. झाकणाला भोक पाडून एम-सील लावलेला प्रयोग मला फोटो काढून पाठवू नका, मला झोप लागत नाही.

प्रश्न: क्रीम फेटायच्या डब्याची काडतुसं घरी पडलीत, सायफनला बसतात. वापरू का?

नको. दिसायला जुळी भावंडं, पण आत नायट्रस ऑक्साइड असतो. त्याने पाण्याला सोड्याचा चुरचुरीतपणा येत नाही, गुळमट लागतं. सोड्याची ती जिभेला झोंबणारी आंबट चव येते ती कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून कार्बोनिक ॲसिड होतं त्यामुळे, नुसत्या बुडबुड्यांमुळे नाही. डब्यावर काय लिहिलंय ते वाचून मगच काडतूस फिरवा.

प्रश्न: मशीनमध्ये संत्र्याचा रस घालून बटण दाबलं. सीलिंगपर्यंत गेला. वॉरंटीत येईल का?

वॉरंटीचं पुस्तिकेत बघा, बहुतेक पहिल्याच पानावर "फक्त पाणी" असं लिहिलेलं सापडेल. रसातला गर, साखर, प्रथिनं यांच्यामुळे फेस टिकतो आणि वर चढतो. गराच्या प्रत्येक कणावर बुडबुडा जन्म घेतो.

क्रम उलटा करा. आधी नुसतं पाणी कडक करून घ्या, नेहमीपेक्षा जास्तच, कारण सिरप मिसळल्यावर थोडा गॅस जाणार. सिरप वेगळं: साखर आणि पाणी समसमान वजनाने, गरम करून विरघळवायचं, त्यात आलं किंवा साल-मसाला काय हवं ते टाकून झाकून ठेवायचं, मग बारीक गाळणीतून, जमलं तर फडक्यातूनही गाळायचं. सिरपही फ्रिजमध्ये गार करा, हे लोक विसरतात! ग्लासात आधी सिरप, मग सोडा कडेने हळू ओतायचा, आणि चमचा एकदाच खालून वर. एक भाग सिरपला पाच भाग सोडा इथून सुरू करा, मग जिभेला विचारा. लिंबाचा रस असेल तर तो अगदी शेवटी.

ज्यांना रसच कडक करायचाय त्यांनी कॅपवाली बाटली वापरावी, रस नीट गाळून, बाटली अर्धीच भरून, आणि उघडताना झाकण केसाएवढं फिरवून सूं ऐकायचं, फेस वर आला की बंद, खाली बसला की परत. पाच-सहा वेळा. घाई केलीत तर पुन्हा सीलिंग.

प्रश्न: ड्राय आइस टाकला तर?

उघड्या भांड्यात टाकलात तर धूर भरपूर, गॅस बेताचाच. बंद बाटलीत टाकलात तर बॉम्ब. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, ते उणे ७८ अंशाचं असतं, तुकडा ग्लासात राहून घोटाबरोबर पोटात गेला तर आतून भाजतं. नकोच.

प्रश्न: मला यीस्टचीच चव आवडते, मशीनच्या सोड्याला ती नाही. अल्कोहोल कमीत कमी ठेवून काही करता येईल का?

येईल, आणि ही युक्ती मला खूप उशिरा कळली. गोडी आणि यीस्टचं खाद्य वेगळं करा. गोडीसाठी यीस्टला पचत नाही असं काहीतरी घाला, स्टीव्हिया, एरिथ्रिटॉल किंवा सुक्रालोज, आणि साखर फक्त मोजून, लिटरला ८ ग्रॅम, काट्यावर, अंदाजे नाही. ती संपली की यीस्टकडे खायला काहीच नाही, काम थांबलं. गॅस ४ ग्रॅम, म्हणजे फेस कडक सोड्याच्या निम्मा, मऊ, आणि अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ६ ग्रॅम घातलीत तर अजून खाली. बाटली फुटायची भीतीही जवळपास गेली, कारण खाद्यच मोजून दिलंय. मात्र यात फळाचा रस घालायचा नाही, त्यात स्वतःची साखर असते आणि सगळा हिशोब कोसळतो. शून्य अल्कोहोल मात्र यानेही होत नाही, ते परत एकदा सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या अंकात पुन्हा पकडाल.

प्रश्न: डब्यातल्या ज्यूसमध्ये यीस्ट घातलं, चार दिवस झाले, एक बुडबुडा नाही.

डब्यावर बघा, पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट लिहिलं असेल. ते यीस्टला वाढू द्यायचं नाही म्हणूनच घातलेलं असतं. तसं काही नसेल तर रस गरम असताना यीस्ट टाकलंत का? हाताला कोमट लागेल इतपतच चालतं, चटका बसला की यीस्ट मेलं.

प्रश्न: मुलीला शाळेत प्रोजेक्ट आहे, सोडा पहिल्यांदा कोणी केला?

जोसेफ प्रीस्टली, इंग्लंडमधलं लीड्स शहर, १७६७. हे गृहस्थ बिअरच्या कारखान्याशेजारी राहत. आंबणाऱ्या पिंपावर गॅसचा थर साठतो हे त्यांनी पाहिलं, त्या थरात पाणी ठेवलं आणि ते चुरचुरीत झालं. १७७२ मध्ये त्यांनी पाण्यात हा गॅस कसा भरायचा यावर पुस्तिका काढली. धंदा त्यांनी केला नाही, तो १७८३ मध्ये जिनिव्हात याकोब श्वेप यांनी सुरू केला, ते नाव अजून बाटल्यांवर दिसतं. म्हणजे बिनअल्कोहोलचा सोडा जन्माला आला तो बिअरच्याच पिंपावर. मुलीला हे वाक्य प्रोजेक्टमध्ये लिहायला सांगा, बाई खूश होतील, किंवा होणार नाहीत.

प्रश्न: अर्धी उरलेली बाटली दाबून, हवा काढून झाकण लावलं तर गॅस टिकतो असं सासरे म्हणतात. मी म्हणते नाही. पैज लागलीय.

पैज तुम्ही जिंकलीत. भरताना दाबायचं ते वेगळं, तेव्हा बाहेरून गॅस देऊन बाटली फुगवतो. इथे बाहेरून कोणी देत नाही, त्यामुळे चेपलेली बाटली पुन्हा फुगते ती सोड्यातलाच गॅस बाहेर काढून. न दाबता झाकण घट्ट लावा आणि थेट फ्रिजमध्ये, दारात नाही, आत मागे, जिथे गार असतं. त्याहून बरं म्हणजे मोठी बाटली उघडल्या उघडल्या उरणारा सोडा छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवायचा, वर जागाच कमी ठेवायची. सासऱ्यांना मात्र हे जरा बेताने सांगा.